हशा आणि मत : पुण्यातील राजकीय विनोद व मतदाराचा प्रतिसाद

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांत राजकीय भाषणांचे वृत्तान्त छापताना वक्त्याच्या वाक्यामागे कंसात 'हशा', 'प्रचंड हशा', 'हशा आणि टाळ्या' असे शब्द घालण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. सभेला न गेलेला वाचक या कंसांवरून सभेचा रंग ठरवीत असे आणि उमेदवाराचे कार्यकर्ते त्यांवरून निकालाचा अंदाज बांधीत असत. हशा पिकला म्हणजे सभा जिंकली आणि सभा जिंकली म्हणजे मतदारसंघ हाती आला, ही समजूत या प्रघातातूनच दृढ झाली असावी. पुण्यात ती विशेष रुजली. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून या शहराने भाषण ऐकणे हा एक स्वतंत्र व्यासंग मानला, आणि शनिवारवाड्यासमोरील पटांगणात गाजलेल्या सभांची वर्णने निवडणुकीच्या आकड्यांपेक्षाही अधिक काळ लोकांच्या तोंडी राहिली.

प्रस्तुत लेखात या समजुतीची पुणे शहर व जिल्ह्यातील काही निवडणुकांच्या आधारे चिकित्सा करावयाची आहे. येथे एक मर्यादा प्रथमच नोंदविली पाहिजे. मतदान गुप्त असते. त्यामुळे अमुक एका कोटीमुळे अमुक इतकी मते फिरली, असे कोणासही सिद्ध करता येणार नाही. तसे विधान करणारे राजकीय भाष्य नित्य वाचावयास मिळते, परंतु ते निकालानंतर रचलेले असते. उपलब्ध निकाल त्या विधानाशी कितपत जुळतात, एवढेच पाहता येते. ते पाहिले असता असे दिसते, की राजकीय विनोद हा मताचे कारण क्वचितच होतो. मतदाराजवळ आधीच असलेल्या कारणाला तो उच्चार देतो. कारण नसेल तेथे हशा पिकतो, पण मत हलत नाही.

विनोदमीमांसेचा आधार

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन भेद आणि स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिले दोन उत्तम, मधले दोन मध्यम व शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या पात्रांकडे सोपविलेले आहेत. हे वर्गीकरण हसणाऱ्याच्या प्रकृतीवर आधारलेले आहे, हसविणाऱ्याच्या हेतूवर नव्हे, ही बाब राजकीय विनोदाच्या अभ्यासात सहसा दुर्लक्षित राहते. नेता काय म्हणाला याची चर्चा होते. समोरचा समूह कोणत्या भूमिकेतून हसला याची होत नाही.

मराठीत विनोदाची पहिली विस्तृत तात्त्विक मांडणी करणारे नरसिंह चिंतामण केळकर हे स्वतः पुण्याचे राजकारणी होते, हा योगायोग लक्षणीय आहे. 'सुभाषित आणि विनोद' हा त्यांचा ग्रंथ १९०८ चा. त्याचेच विस्तारित रूप पुढे 'हास्यविनोदमीमांसा' म्हणून प्रसिद्ध झाले. 'केसरी'चे संपादकपद, पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्यत्व ही सारी पदे भूषविलेल्या केळकरांना श्रोत्यांचा आणि मतदारांचा प्रत्यक्ष अनुभव होता. तथापि त्यांच्या मीमांसेचा रोख वाङ्मयीन विनोदाकडे राहिला आणि त्यानंतरच्या मराठी समीक्षेनेही राजकीय व्यासपीठावरील विनोद हा आपला विषय मानला नाही. त्यामुळे या विनोदाची दखल आठवणींच्या संग्रहांत व किश्श्यांच्या सदरांत घेतली गेली, आणि किश्शात वक्ता नेहमी जिंकतोच.

पाश्चात्त्य चर्चेत या संदर्भात हमखास दिले जाणारे उदाहरण अमेरिकेचे आहे. १९८४ च्या अध्यक्षीय वादचर्चेत वयाबद्दलच्या प्रश्नावर रोनाल्ड रेगन यांनी प्रतिस्पर्ध्याच्या तरुणपणाचा आपण राजकीय लाभ उठविणार नाही, अशा आशयाचे उत्तर दिले आणि खुद्द प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेल यांनाही हसू आवरले नाही. त्या निवडणुकीत रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. परंतु ते त्या चर्चेपूर्वीही आघाडीवर होते. त्या उत्तराने मतदारांच्या मनातील एक शंका सौम्य केली असे फार तर म्हणता येईल; विजय त्याच्या पदरात टाकता येणार नाही.

अत्रे यांचा हशा, गोरे यांची मते

मराठी राजकीय विनोदाचा विषय निघाला की प्रथम नाव येते ते आचार्य प्र. के. अत्रे यांचे. 'झेंडूची फुले' या विडंबनसंग्रहाचे कर्ते, पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि पुणे नगरपालिकेचे सदस्य राहिलेले अत्रे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात महाराष्ट्राचे सर्वांत प्रभावी वक्ते ठरले. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी 'मराठा' हे दैनिक सुरू केले, त्याच महिन्याच्या आरंभी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले होते, आणि १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांच्या सभांना जमणारा समुदाय हा त्या काळच्या आठवणींचा एक स्थायी भाग आहे.

त्या निवडणुकीत पुण्याची लोकसभेची जागा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्यावर प्रजासमाजवादी पक्षाचे ना. ग. गोरे यांनी जिंकली. पराभूत झाले काकासाहेब गाडगीळ. स्वातंत्र्यचळवळीतील नेते, माजी केंद्रीय मंत्री आणि स्वतः उत्तम वक्ते व लेखक. विधानसभेवर एस. एम. जोशी पुण्यातून निवडून गेले. आता येथे थोडे थांबावे लागते. गोरे हे संयत, काहीसे आत्ममग्न वळणाचे ललित लेखक. जोशी हे कळकळीचे, साधे वक्ते. अत्रे यांच्या शैलीचा हास्यस्फोट या दोघांपैकी कोणाकडेही नव्हता. काकासाहेबांजवळ मात्र विनोद होता. व्यासपीठावरील हजरजबाबीपणा हाच निकष असता तर पुण्याचा निकाल उलटा लागावयास हवा होता.

अत्रे यांच्या विनोदाने त्या वेळी जे केले ते असे : गोळीबारात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडलेली होती, मुंबई हातची जाते की काय अशी धास्ती होती, आणि दिल्लीतील नेतृत्वाविषयी जो संताप घराघरांत होता त्याला सभ्य सार्वजनिक भाषेत जागा नव्हती. अत्रे यांनी त्याला जागा करून दिली. थोरांना थोर न मानण्याची मुभा त्यांनी श्रोत्याला दिली. भरताच्या परिभाषेत हा उपहास ठरेल. पण हसणारा समूह जखमी होता आणि हसण्याचा विषय सत्तेवर होता. कारण मतदाराकडे होते, शब्द अत्रे यांचे होते, आणि मत पडले ते गोरे यांच्या पेटीत.

याची उलट बाजू पाच वर्षांनी दिसली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. अत्रे यांची लेखणी व वाणी काही बोथट झाली नव्हती. तरी १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या आणि पुण्याची लोकसभेची जागाही काँग्रेसचे शंकरराव मोरे यांच्याकडे गेली. मागणी पूर्ण झाली होती. उच्चाराला कारण उरले नव्हते.

१९७७ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी जनता पक्षाच्या प्रचारसभांत केलेल्या भाषणांचा विचार याच रीतीने करता येईल. आणीबाणीच्या एकोणीस-वीस महिन्यांत ज्यांना बोलता आले नव्हते, त्यांच्यासाठी ते बोलले. पुण्यातून मोहन धारिया विजयी झाले. पु. ल. हे राजकारणी नव्हते आणि निवडणूक संपताच ते आपल्या कामाकडे परतले, म्हणून त्यांच्याविषयी अधिक विस्तार येथे अप्रस्तुत होईल. एवढे नमूद करावे, की १९८० मध्ये याच मतदारसंघाने काकासाहेबांचे पुत्र विठ्ठलराव गाडगीळ यांना निवडून दिले.

गर्दीचा हिशेब

अलीकडच्या काळात हशा आणि मत यांतील अंतर राज ठाकरे यांच्या सभांइतके अन्यत्र कोठेही स्पष्ट झालेले नाही. व्यंगचित्रकाराची नजर, नकलेवरील हुकमत आणि विरामाची जाण ही त्यांच्या वक्तृत्वाची वैशिष्ट्ये सर्वमान्य आहेत. २०१२ च्या पुणे महानगरपालिका निवडणुकीत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे २९ नगरसेवक निवडून आले व तो दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष ठरला. २०१७ मध्ये हीच संख्या २ वर आली. या पाच वर्षांत त्यांच्या नकला कमी रंगू लागल्या, असे त्यांचे टीकाकारही म्हणणार नाहीत.

२०१९ ची लोकसभा निवडणूक या दृष्टीने जवळजवळ एक प्रयोगच होती. त्यांच्या पक्षाने एकही उमेदवार उभा केला नाही. त्यांनी मात्र राज्यभर सभा घेतल्या आणि पडद्यावर जुनी दृश्ये दाखवून सत्ताधाऱ्यांच्या विधानांतील विसंगती उघड केल्या. 'लाव रे तो व्हिडिओ' हे वाक्य घरोघर पोहोचले, लग्नकार्यांत व कचेऱ्यांत उच्चारले गेले. निकाल लागला तेव्हा राज्यातील ४८ पैकी ४१ जागा भारतीय जनता पक्ष व शिवसेना यांच्या युतीला मिळाल्या; राष्ट्रवादी काँग्रेसला ४ व काँग्रेसला १. पुण्यात भाजपचे गिरीश बापट तीन लाखांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले.

यावरून मतदार कृतघ्न आहे किंवा तो फुकटची करमणूक करून घेतो, असे जे उद्वेगाने म्हटले गेले ते योग्य वाटत नाही. श्रोत्याने जे दिले गेले तेवढेच घेतले. व्यासपीठावरून विसंगतीचा पुरावा दिला गेला, पण ज्याला मत द्यावयाचे त्याच्याशी त्या हास्याचे कोणतेही नाते जोडले गेले नव्हते. १९५७ मध्ये वक्ता आणि उमेदवार वेगळे असले तरी मागणी एक होती. २०१९ मध्ये वक्ता होता, हशा होता, आणि त्या हशाचा धनी कोणी नव्हता. शिवाय पुण्याचा श्रोता हा भाषणाला प्रयोग म्हणून दाद देण्याच्या परंपरेत वाढलेला आहे. नाटक आवडले म्हणून त्यातील राजाला कोणी मत देत नाही, हे तो जाणून असतो.

सभेतील हशा आणि सभेबाहेरील श्रोता

आतापर्यंतची उदाहरणे सत्तेवर रोखलेल्या विनोदाची होती. सत्तेतून खाली येणाऱ्या विनोदाचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकरी कार्यकर्त्याने उजनी धरणात पाणी सोडावे म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर ५५ दिवस उपोषण केले होते. ६ एप्रिल २०१३ रोजी इंदापूर तालुक्यातील एका सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्याचा उल्लेख करून, धरणात पाणीच नसेल तर काय लघवी करून ते भरावयाचे, अशा आशयाचे उद्गार काढले. भारनियमन आणि वाढती लोकसंख्या यांची सांगड घालणारी आणखी एक कोटी त्याच भाषणात होती. समोरचा समुदाय हसला.

दुसऱ्या दिवशी दृश्यफीत राज्यभर पाहिली गेली आणि ज्यांनी ती पाहिली ते हसले नाहीत. पवार यांनी क्षमा मागितली, आणि त्याच महिन्यात कराड येथे यशवंतराव चव्हाण यांच्या समाधीजवळ दिवसभर आत्मक्लेश केला. येथे विनोदाचे दोन श्रोतृवर्ग वेगळे झाले. सभेतील माणूस वक्त्याला ओळखत होता. त्याच्या रांगड्या बोलीची त्याला सवय होती. तो त्या गोटातला होता. फीत पाहणारा, ज्याच्या गावाला पाणी नव्हते असा माणूस, या विनोदात श्रोता म्हणून नव्हे तर विषय म्हणून बसविला गेला होता. ज्याच्यावर विनोद आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचणार नाही, हे गृहीत जुन्या तालुक्याच्या सभेत चालून गेले असते. ध्वनिचित्रमुद्रणाच्या युगात ते चालत नाही.

मग मतदाराने शिक्षा केली काय? २०१४ मध्ये सुप्रिया सुळे यांचे बारामतीतील मताधिक्य २००९ च्या सुमारे ३,३६,००० वरून ७०,००० च्या आत आले, आणि अनेकांनी त्याचा संबंध या उद्गारांशी जोडला. परंतु ते वर्ष देशव्यापी सत्तांतराचे होते. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत अजित पवार बारामतीतून सुमारे ९०,००० मतांनी निवडून आले. ज्या इंदापुरात ते उद्गार काढले गेले तेथे राष्ट्रवादी काँग्रेसच्याच दत्तात्रय भरणे यांनी काँग्रेसचे हर्षवर्धन पाटील यांचा पराभव केला. उजनीच्या पाण्याशी ज्याचे दैनंदिन नाते आहे त्या मोहोळमध्येही राष्ट्रवादीचाच उमेदवार विजयी झाला. राज्यातील सत्ता गेली. पण विनोदाच्या भूगोलाशी ते नुकसान जुळत नाही. दुखावलेला मतदार आपले पाणी, ऊस, कारखाना व सोसायटी यांचा हिशेब विसरला नाही, असाच याचा अर्थ करावा लागतो. मात्र तो उद्गारही विसरला गेला नाही. त्यानंतर दहा वर्षे प्रत्येक प्रतिपक्षाने तो वापरला. ज्याला ज्या दिवशी दुसऱ्या कोणत्या कारणाने विरोध करावयाचा होता, त्याला त्या दिवशी हे वाक्य तयार मिळाले.

'गमतीने म्हणालो' हा बचाव संस्थांपुढे किती टिकतो, याचेही एक उदाहरण आहे. मार्च २०१४ मध्ये नवी मुंबईत माथाडी कामगारांपुढे बोलताना शरद पवार यांनी, साताऱ्यात आधी मतदान करून बोटावरची शाई पुसा व मुंबईत पुन्हा मतदान करा, असे म्हटले. कामगार हसले. निवडणूक आयोगाने मात्र नापसंती व्यक्त केली. त्यावर अधिक काही लिहिण्यासारखे नाही.

कोथरूड आणि कसबा

खुद्द पुणे शहरात एकाच व्यक्तीच्या संदर्भात विनोदाच्या दोन्ही बाजू पाहावयास मिळाल्या. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांना कोल्हापूरहून कोथरूडमध्ये आणले गेले आणि विद्यमान आमदार मेधा कुलकर्णी यांची उमेदवारी गेली. विरोधी नेत्यांनी पाटील यांच्या नावाची आद्याक्षरे जोडून 'चंपा' असे टोपणनाव प्रचारात आणले. स्त्रीचे नाव लावून पुरुषाला हिणविण्याची ही कोटी फारशी उच्च दर्जाची नव्हती, पण ती चालली. सभांत तिला दाद मिळाली. काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांनी मनसेच्या उमेदवाराला पाठिंबा देऊन लढत सरळ केली होती. पाटील सुमारे २५,००० मतांनी निवडून आले. २०१४ च्या तुलनेत मताधिक्य घटले, पण त्याचे श्रेय टोपणनावाला देण्यापेक्षा 'बाहेरचा उमेदवार' या खऱ्या तक्रारीला देणे अधिक सयुक्तिक होय. टोपणनावाने त्या तक्रारीला उच्चार दिला नाही. ते बाहेरचेपणाविषयी काहीच सांगत नव्हते. २०२४ मध्ये त्याच कोथरूडने त्यांना एक लाखाहून अधिक मताधिक्य दिले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनामुळे कसबा पेठेत पोटनिवडणूक झाली. १९९५ पासून भाजपकडे असलेला हा मतदारसंघ. गिरीश बापट येथून सलग पाच वेळा निवडून आले होते, आणि त्यांचा मिश्किलपणा हा त्या पेठांच्या कट्ट्यांवरील गप्पांचाच एक भाग होता. तो विनोद कोणाला परके करीत नसे. भरताच्या क्रमात तो स्मिताच्या आसपासचा. अशा मतदारसंघात प्रचाराच्या भाषणात चंद्रकांत पाटील यांनी काँग्रेसचे उमेदवार रवींद्र धंगेकर यांच्याविषयी 'हू इज धंगेकर?' असा प्रश्न केला.

प्रश्न इंग्रजीत होता, ही गोष्ट गौण नाही. धंगेकर अनेक वर्षे नगरसेवक होते. २००९ व २०१४ मध्ये मनसेच्या उमेदवारीवर त्यांनी याच जागेसाठी बापट यांच्याशी लढत दिली होती. ते कोण, हे कसब्यातील भाजपच्या मतदारालाही पाठ होते. आपण ज्याला ओळखतो त्याच्याविषयी 'हा कोण?' असे कोणी विचारले, की तो प्रश्न आपल्या ओळखीवर येतो. समोरच्याला 'आपण कोण?' असे विचारून जागेवर बसविणे ही पुण्याची जुनी खासियत म्हणून सांगितली जाते. येथे तीच गोष्ट बाहेरून आलेल्या नेत्याने पेठेतील मतदाराला, आणि परक्या भाषेत, ऐकविली होती. शिवाय कारण तयार होते. टिळक कुटुंबात उमेदवारी न दिल्याची नाराजी होती, महाविकास आघाडी एकत्र होती, राज्यातील सत्तांतराला वर्ष झाले नव्हते. कोथरूडमधील टोपणनावाला जे जमले नाही ते या प्रश्नाला जमले, कारण तो प्रश्न तक्रारीच्या नेमका मधोमध पडला. २ मार्च २०२३ रोजी धंगेकर सुमारे ११,००० मतांनी विजयी झाले. निकालाच्या दिवशी त्या प्रश्नाचे उत्तर फलकांवर झळकले आणि काही दिवस शहरात दुसरे वाक्यच ऐकू येत नव्हते. विनोद करणारा एक, आणि त्याचा लाभ झालेला दुसरा. असा प्रकार मराठी राजकारणात विरळा.

त्या वाक्याच्या बळावर धंगेकर यांना २०२४ मध्ये लोकसभेची उमेदवारी मिळाली, असे म्हणण्यास जागा आहे. भाजपचे मुरलीधर मोहोळ यांनी त्यांचा १,२३,००० हून अधिक मतांनी पराभव केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कसब्यात पुन्हा तेच दोन उमेदवार समोरासमोर आले आणि हेमंत रासने सुमारे १९,००० मतांनी विजयी झाले. या वेळी धंगेकर कोण, हे कोणी विचारले नव्हते. मार्च २०२५ मध्ये धंगेकर यांनी एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला, आणि ज्या पक्षाच्या नेत्याने तो प्रश्न विचारला होता त्याच्याच महायुतीत ते दाखल झाले.